केनेश मिस्त्रीची खोकणारी गाडी

नारिन गावात थंडी उणे तीसवर गेली की केनेश मिस्त्रीचा भाव वधारायचा. गारठलेलं इंजिन सुरू होताना अडखळलं, की हा एकेका प्लगची वायर काढून बघणार. जी काढूनही आवाजात फरक पडत नाही, तिचा सिलेंडर मेलेला. दोन मिनिटांत निकाल. पण त्याची स्वतःची गाडी मात्र रोज सकाळी तीन सिलेंडरवर खोकत बसायची. प्लग बदलले, वायरी बदलल्या, गाडी ढिम्म. पंधरा मिनिटांनी तापली की शहाण्यासारखी चालायची. शेजाऱ्यांना फुकटची करमणूक.

त्यातच मिनीबसवाल्यांचा म्होरक्या ओमुरबेक शुक्रवारी सकाळी येणार होता. बारा गाड्यांचं कायमचं काम! असं काम मिळावं म्हणून केनेशनं वीस वर्षं वाट पाहिली होती.

गुरुवारी त्यानं गाडी तापायच्या आतच पुन्हा प्लग उपसला. खाचेत पाणी साचलं होतं, आणि पाण्यात चहाची पत्ती.

सासूबाई! नवऱ्यामागे एकट्या पडल्या म्हणून केनेशनंच बुबूकान अपांना डोंगरातून घरी आणलं होतं. लेक त्यांना कशाला हात लावू देईना, तेव्हा अपांनी स्वतःच काम शोधलं. पहाटे उठायचं आणि जावयाच्या गाडीला ऊब म्हणून दुवा पुटपुटत उकळती किटली इंजिनावर रिकामी करायची. ते पाणी वाळेपर्यंत ठिणगी पडणार कशी?

"आईला सांगून टाक ना," बायको सेयिल म्हणाली.

"तू सांग."

"मी? भांडी घासू नकोस म्हटलं तर दोन दिवस जेवली नव्हती ती!"

"मग मी जावई असून सांगू?"

शुक्रवारी ओमुरबेक आला तेव्हा गाडी फटफटत होती. शेजारी अपा किटली घेऊन उभ्या.

"हे गरम पाणी इंजिनावर?" ओमुरबेकनं डोळे विस्फारले. "हे कुणाचं डोकं म्हणायचं?"

अपांचा चेहरा फुलला. कौतुकच चाललंय, असं त्यांना वाटलं. ओमुरबेकच्या तोंडून पुढे काय निघणार, ते केनेशला पक्कं ठाऊक होतं.

"माझं," तो घाईघाईनं म्हणाला. "मीच सांगितलंय त्यांना."

ओमुरबेक चहाही न घेता निघून गेला.

त्या दिवशी अपा जेवल्या नाहीत. "युक्ती माझी, आणि चारचौघांत नाव स्वतःचं लावतो मेला!"

संध्याकाळी केनेश त्यांच्यासमोर मान खाली घालून बसला. "चुकलं, अपा. डोकं तुमचंच होतं."

"कबूल केलंस ना, झालं तर मग," अपांनी ताट ओढलं. "उद्यापासून दोन किटल्या ओतते, बाळा."