पेवाचा कंदील आणि पाण्याची टाकी

नवीन इंजिनीअर पोरगा गिरणीत रुजू झाला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात एक काडेपेटी द्यायची. रिकामी, हं. मी खट्याळ होते, वेडी नव्हते. म्हणायची, "ही घेऊन सगळी गिरणी फिर आणि मला सांग, काडी कुठं कुठं ओढायची नाही."

पोरं हुशार. दहा मिनिटांत परत. "बाई, सॉल्व्हंटच्या कुंपणाच्या आत नाही ओढायची."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

मग मी हसायची. पोरांना वाटे बाई आपल्याला हसतेय. मी हसत असे ती एका बावीस वर्षांच्या मुलीला. ती याहून अर्ध्या वेळात परत आली असती, आणि वर तिनं माझंच उत्तर तपासलं असतं.

ती मुलगी नागपूरहून तेलाच्या तंत्रज्ञानाची पदवी घेऊन यवतमाळात आली, तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमची सरकीच्या तेलाची गिरणी लोहाऱ्याच्या वाटेवर होती. मी सायकलवर निघाले की दुकानदार ओट्यावर येऊन बघत. मला वाटे, पदवीचं तेज दिसत असेल. खरी गोष्ट अशी, की मी डोळ्यांवरच्या चष्म्यावर गिरणीतला जाड संरक्षक चष्माही घरूनच चढवून निघायची. आई म्हणायची, "अवं, घोड्याले झापडं लावतेत तशी दिसून राह्यली तू."

गिरणीत माझ्या हाताखाली एक मिस्त्री होते. वयानं माझ्या वडिलांएवढे, फुलसावंगीकडचे, घरी दोन एकर कापूस. अक्षरओळख नाही. अंगानं काडी, म्हणून टाकी किंवा हौद साफ करायला आत उतरायचं काम ठरलेलं त्यांचंच. झाकणाच्या भोकातून बाकी कुणी मावतच नसे.

पहिल्याच महिन्यात साबणाच्या गाळाचा हौद तुंबला. तेल सोड्यानं शुद्ध केलं की खाली राहतो तो गाळ. मी म्हटलं, मिस्त्री, उतरा. मिस्त्री गेले आणि कंदील पेटवून आणला. दोरीला बांधून हौदात सोडू लागले.

"हे काय, आरती करताय हौदाची?" मी म्हटलं. लाज वाटते आज, पण म्हटलं खरं.

"बाई, पेव पाह्यलं काय तुमी? ज्वारीचं?"

"नाही."

"मंग थांबा जराशा."

कंदील हातभर खाली गेला, दोन हात गेला, आणि तिसऱ्या हाताला गपकन विझला. मिस्त्रींनी तो वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच विझला.

"आमच्याकडं जमिनीत पेव असते," ते म्हणाले. "ज्वारी भरून तोंड लिपून टाकतो. उघडलं का एकदम कोनी उतरत नाई. आंधी दिवा सोडतो. दिवा मेला तं मानूसबी मरते. माया काका तसाच गेलता."

त्या दिवशी हौद संध्याकाळपर्यंत उघडा ठेवला, कंदील तळाला तेवत राहिला तेव्हाच मिस्त्री उतरले. मी घरी गेले ती सायकल हातात धरून, चालत. वर्गात आम्ही जड वायूंवर चार पानं लिहिली होती. ती चारही पानं त्या हौदाच्या काठावर उभी असताना मला आठवली नव्हती.

शहाणा माणूस इथं थोडा गप्प बसला असता. मी पाटी केली. लाल रंगात, माझ्याच अक्षरात: "कोणत्याही टाकीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडावा." सगळ्या कामगारांना उभं करून तीनदा वाचून दाखवली. मिस्त्रींना ती अशी पाठ झाली की ते ती विरामचिन्हांसकट म्हणत. गिरणीच्या मालकांनी, शेठजींनीही कौतुक केलं. मी अशी फुगले, की त्यानंतर गिरणीत माझ्यासमोर कुणी कंदिलाशिवाय पाण्याच्या माठातही डोकावलं नसतं.

वर्षभरात सॉल्व्हंटचा विभाग सुरू झाला. पेंडीत उरलेलं तेल पेट्रोलसारख्या द्रवात विरघळवून काढायचं. त्याभोवती तारेचं कुंपण, फाटकावर पेटी. त्यात बिडी-काडी टाकल्याशिवाय आत पाऊल नाही. हे नियम मीच बसवले होते, कडक बसवले होते. कुंपणाबाहेर, भिंतीमागे एक टाकी जमिनीत होती. विभागातलं वापरलेलं पाणी तिच्यात जमायचं. सगळे तिला पाण्याची टाकी म्हणत. मीही म्हणे.

एक दिवस त्या टाकीचा पंप बंद पडला. नळीच्या तोंडाशी काहीतरी अडकलं होतं. टाकी उपसून रिकामी केली. शेठजींचे दोन निरोप आले, काम कधी सुरू होणार म्हणून. झाकण उघडलं आणि मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "मिस्त्री, पाटी!"

मिस्त्रींनी कंदील आणला. काच वर केली. काडी काढली. आणि थांबले. वाकून झाकणापाशी नाक नेलं.

"बाई, हे तं मोटारीवानी घमघमून राह्यलं."

"पाण्याची टाकी आहे ती. आणि रिकामी आहे. लावा लवकर."

"पेवात धान असते, बाई. ह्याच्या आत काय होतं?"

"पाणी! किती वेळा सांगू? नियम तुमचाच आहे ना? तुम्हीच शिकवला, मी लिहिला. मग आता काहून अडले?"

रागाच्या भरात मी असं घरच्या बोलीवर येत असे. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग काडेपेटी माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं तिच्यावर मिटवली आणि शांतपणे म्हणाले, "मंग तुमीच लावा."

आणि चार पावलं मागं जाऊन उभे राहिले.

काडेपेटी हातात आल्यावर मला वास आला. तोवर आला नव्हता, असं कसं म्हणू? नाक माझंही तिथंच होतं. पाण्यावर सॉल्व्हंट तरंगतं. थेंब थेंब करत ते महिनोन् महिने त्या पाण्याबरोबर वाहत आलं होतं. पाणी उपसलं, वाफ राहिली. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, या प्रश्नाला मला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते. माझं ऐकून मिस्त्रींनी झाकणाजवळ ती काडी ओढली असती तर माझं काय व्हायचं ते होवो, कंदिलावर वाकलेला माणूस मिस्त्री असते.

मी झाकण ओढून बंद केलं आणि खाली बसले.

"पानी पाजू काय?" मिस्त्रींनी विचारलं. एवढंच. पुढं कधी त्यांनी हा विषय काढला नाही, शेठजींकडे तर नाहीच. ते मीच जाऊन सांगितलं.

टाकी काठोकाठ पाण्यानं भरली, वरचा तवंग काढून घेतला, पुन्हा उपसली. चार दिवस उघडी ठेवली. शेतातला उफणणीचा पंखा आणून लांबून कापडी नळीनं वारा सोडला. शेठजी तणतणले, मी ऐकून घेतलं. वास गेला, पण आत श्वास घेता येतो का, ते कसं कळावं? कंदील तर आता नको.

"दिवा नाई तं कोंबडी," मिस्त्री म्हणाले, आणि घरची कोंबडी टोपलीत घालून घेऊन आले. अर्धा तास ती तळाशी होती. वर आली तेव्हा तिनं मला जे ऐकवलं ते मी ऐकण्याच्याच लायकीची होते.

मग मिस्त्री कमरेला दोर बांधून उतरले. दोर मी धरला. शेठजींनी दुसरा माणूस देऊ केला होता, मी सोडला नाही. दर थोड्या वेळानं विचारायची, "मिस्त्री?" आतून यायचं, "हाव." असे किती "हाव" ऐकले आठवत नाही. सगळ्या आयुष्यात मला त्याहून गोड शब्द कुणी ऐकवलेला नाही, आणि माझं लग्न झालेलं आहे.

ते चिंधीचा बोळा घेऊन वर आले. तोच अडकला होता. पाटी मी त्याच दुपारी पुसली आणि तिच्यावर एवढंच लिहिलं: "आत काय होतं?" पोरांना नंतर मी जे काही शिकवलं, ते सगळं त्या तीन शब्दांत बसतं, आणि ते तीनही शब्द माझे नव्हेत.

मिस्त्री हातपाय धुऊन माझ्यासमोर उभे राहिले, हात पुढं करून.

"काय हवंय?" मी विचारलं.

"माई काडेपेटी द्या ना, बाई. चार दिवस झाले. बिडी प्यायची हाये."

मी दिली. मग त्यांच्या मागोमाग मोठ्या फाटकाच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबापर्यंत चालत गेले, आणि त्यांनी काडी ओढेपर्यंत तिथंच उभी राहिले.