आक्काची मंद्रूपची पिचर

माणसाच्या उजव्या खांद्यात माझ्या आतेबहिणीइतका रस घेणारा डॉक्टर सोलापुरात दुसरा झाला नसेल. तिला आम्ही आक्का म्हणायचो. कॉलेजात असताना ती सॉफ्टबॉलमध्ये राज्याची चॅम्पियन झाली, तेव्हा घरातल्या निम्म्या लोकांना हा मऊ चेंडूने, बसून खेळायचा प्रकार वाटला होता. पुढे तिने सात रस्त्याला दवाखाना काढला आणि पहाटे मुलींना खेळ शिकवू लागली. सत्तरच्या त्या दशकात डॉक्टरीणबाईचं कुणाला नवल नव्हतं. पण सायकलला बॅट बांधून निघालेली डॉक्टरीणबाई बघायला दुकानदार पायरीवर येऊन उभे राहत. खोकला घेऊन आलेल्या पोरीलाही ती आधी हात गोल फिरवायला लावी. घसा नंतर.

जवळच्या मंद्रूप गावची एक पोर वडिलांबरोबर तापाचं औषध घ्यायला आली होती. औषध कडू लागलं म्हणून तिने डबी खिडकीतून भिरकावली, ती रस्त्यापलीकडच्या रसवंतीच्या घुंगरांवर जाऊन आदळली. वडील ओशाळले. आक्का मात्र खुर्चीतून उठलीच. "हिला रोज पाठवा."

"लई वंगाळ दुखणं हाय का, बाई?"

"दुखणं न्हाय हो. हात हाय, हात!"

दोन वर्षांत ती पोर आक्काच्या टीमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, झाली. जिल्ह्याच्या फायनलला आम्ही एका रनने पुढे होतो, शेवटचा डाव होता, आणि फटकावलेला चेंडू थेट पोरीच्या उजव्या अंगठ्यावर बसला. आक्काने अंगठा दाबून पाहिला. पोर हूं की चूं करेना, डोळे मात्र भरून आले.

"मी टाकते की, बाई. दुखत न्हाय."

आक्काने तिच्या हातातला चेंडू काढून घेऊन दुसऱ्या पोरीकडे दिला. मग म्हणाली, "खाली बस."

आम्ही हरलो. एक्सरेत हाड मोडलेलं निघालं. वडील "बरं केलंत" म्हणाले, पण पोर महिनाभर आक्काशी बोलली नाही. पुढे बोलू लागली, हातही बरा झाला. पण पुढच्या मोसमाआधीच तिचं लग्न ठरलं, मोडनिंबला. ती फायनल तिची शेवटचीच मॅच ठरली.

लग्नाहून परतताना एसटीत मी आक्काला विचारलं, "तेव्हा तिला खेळू द्यायला हवं होतं का गं?"

ती खिडकीतून ज्वारीची रानं बघत होती.

"डॉक्टर म्हणून विचारशील, तर नाही," ती म्हणाली. "खेळ शिकवणारी म्हणून विचारू नकोस."