पंपाच्या खोलीची चावी

मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीत पाणी वर चढवायचं काम माझ्या वडिलांकडे होतं. कोणी नेमलं नव्हतं. गिरणी बंद पडली, लालबागची खोली विकून आम्ही विरारला आलो आणि रिकामं बसवेना म्हणून त्यांनी पंपाच्या खोलीची चावी आपल्याकडे घेतली. सकाळी खालच्या टाकीत पाणी आलं की मोटर लावायची, वरची टाकी भरली की बंद करायची. चावी करगोट्याला बांधलेली. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणायच्या, "काका, मुंबईला मंत्रालय आणि इथे तुम्ही." वडिलांना ते आवडायचं.

गिरणी कामगारांना घरं देण्याचं सरकारी बोलणं तेव्हा बोलण्यापुरतंच होतं. आमच्या ऐपतीचं घर सरकारने कुठे बांधलं असतं, तर भातशेतीत उभ्या केलेल्या या इमारतीत आम्ही आलो नसतो. बिल्डरने नकाशा दाखवला, मंजुरी दाखवली नाही. बांधकाम पुरं झाल्याचा दाखला नाही, त्यामुळे सोसायटीही नाही. मग जिन्यातला बल्ब गेला तर तो कोणी लावायचा, इथपासून भांडण.

त्या अंधाऱ्या जिन्यात पोरं बसू लागली. इमारतीतलीच. कुणी दहावीला अडकलेलं, कुणी नोकरीच्या नावाने घरातून निघून खालीच थांबलेलं. एक दिवस त्यांच्यातला थोरला, तिसऱ्या मजल्यावरचा, वडिलांना म्हणाला, "काका, चावी आमच्याकडे द्या. मोटर आम्ही लावतो. तुम्ही कशाला या वयात जिने उतरता?"

वडिलांनी करगोट्याची गाठ सोडून चावी दिली. घरी येऊन आईला म्हणाले, "पोरांवर संस्कार आहेत हो."

आधी पंपाच्या खोलीत कॅरम आला, मग बाटल्या आल्या, मग बाहेरगावच्या मोटारसायकली दारात लागू लागल्या. माझी बहीण क्लासवरून आली की कोपऱ्यावर थांबायची. ओळखीची एखादी बाई दिसली की तिच्यासोबत जिना चढायची. पुढे त्याच कोपऱ्यावर मोटारसायकलवरून येऊन कोणी एका बाईचं मंगळसूत्र खेचलं. मोटारसायकल कोणाची ते सगळ्यांना माहीत होतं. वडील चावी मागायला गेले तर थोरला म्हणाला, "आराम करा ना काका." बोलला अदबीनेच. मागची पोरं हसली.

पण मोटर मात्र वेळेवर लागायची. नळाला पाणी नसलं की पोरं कुठून तरी टँकर आणायची.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. नीट अर्ज लिहिता येतो याचा मला अभिमान होता, आजही आहे. पोरांविरुद्ध पोलीस चौकीला अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी दारोदार फिरलो. लोक वाचायचे, मान हलवायचे, पेन परत द्यायचे. वहिनींनी तर चहा पाजला. म्हणाल्या, "भाऊ, लिहिलंय ते सगळं खरं आहे. पण उद्या पाणी कोण चढवणार, तुमची डिग्री?"

शेवटी सह्या दोनच, माझी आणि वडिलांची.

चौकीतला हवालदार माणूस वाईट नव्हता. त्याने बसायला खुर्ची दिली.

"सोसायटीचं लेटरहेड?"

"सोसायटी झालेली नाही."

"मग तुम्ही कोणातर्फे बोलताय?"

"तिथे राहणाऱ्या लोकांतर्फे."

त्याने दोन सह्यांकडे पाहिलं. "लोक कुठायत साहेब?"

मी अर्ज ठेवून आलो. त्याचं पुढे काही झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पोरांना फुलपाड्याकडे काम मिळालं. कोणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर ताबा धरून बसायचं काम. थोरल्याने दार वाजवून चावी वडिलांच्या हातात ठेवली. "घ्या काका. आता आम्हाला टाइम नाय."

वडील सदऱ्याच्या बाह्या वर सारून खाली गेले. मीही गेलो. पोतंभर बाटल्या निघाल्या. भिंतीपाशी मुताचा वास बसलेला, तो फिनेलनेही जाईना. मोटरच्या स्टार्टरची वायर जळली होती. वायरमन शोधून आणेपर्यंत उन्हं चढली. वर बादल्या आपटायला लागल्या. मग कुठल्याशा खिडकीतून आवाज आला, "काका, काय चाललंय? पोरं होती तेव्हा पाणी टायमावर यायचं."

वडिलांनी वर पाहिलं नाही. मोटर सुरू झाली तेव्हा हात धुतले, दाराला कुलूप लावलं आणि चावी शेजारच्या खिळ्याला अडकवली. म्हणाले, "ज्याला पाणी हवं, तो लावील."

दुसऱ्या दिवशी खालच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मजल्यामजल्यावर दारं उघडली. लोक कठड्यावरून वाकून खिळ्याकडे बघत होते. खाली कोणी उतरलं नाही.

वडील उठले. मी म्हटलं, "राहू द्या ना. बघू दे त्यांना."

"पाणी आलंय," ते म्हणाले आणि भिंतीला हात लावत जिना उतरायला लागले.