साहेबाचा शाबूत घोटा

बायको गेली, पण तिलाही हे कळू दिलं नाही. तुम्ही परके — म्हणून तुमच्याजवळ बोलायला सोपं. शाळा मी अर्ध्यात सोडली, तेव्हा शुद्धलेखन बघत बसू नका.

दहिवलीत मी हाडवैद्य. वाईट नव्हतो, हे आधी लिहून ठेवतो. विद्या दिली कोंडाण्याच्या धोंडूतात्यांनी. गोणपाटात मडकं घालून ते फोडायचे आणि म्हणायचे, "आता वरनं चाचपून जुळव." पावसाळाभर मी मडकीच जुळवली. तात्यांची बोटं देवाची. तोंड मात्र — काय सांगू?

लढाईच्या दिवसांत दवंडी फिरली: वैद्यकी करणाऱ्यांनी सरकारात नाव नोंदवावं; नोंद नसेल त्यानं कुणाच्या अंगाला हात लावू नये. पारख करायला साहेब कर्जतला आला आणि चावडीच्या पायरीवरूनच घसरला. विव्हळत म्हणाला, "हीच तुमची परीक्षा. बघा पाय."

आधी तात्यांनी घोटा चाचपला. "काय नाय झालं. मुरगाळलाय. शेक घ्या, नि पोरावानी वरडू नका."

साहेबाचं तोंड उतरलं. सगळा गाव गोळा झालेला, आणि एवढं ओरडून पाय नुसता मुरगळलेला?

मग माझी पाळी. हाड शाबूत — मडक्याला चीरसुद्धा नाही. तुम्ही काय बोलला असता? नको, तुम्हाला कशाला ओढू! मी मान हलवली. म्हणालो, "मोडलंय, साहेब. दुसरा असता तर बेशुद्ध पडला असता."

साहेब खूश! मी बांधलेल्या बांबूच्या कांबट्या मिरवत, लंगडत, माझं कौतुक करत तालुकाभर हिंडला. माझी नोंद झाली. तात्यांना अडाणी ठरवून वगळलं. पोलीसपाटलानं वर बजावलं — कुणाचं हाड बसवलंत तर खटला.

पुढे तात्या बाजारात भेटले की सगळ्यांदेखत विचारायचे, "काय रं सरकारी वैद्य, सायबाचं हाड जुळलं का?" लोकांना वाटे, म्हातारा जळतोय. लोक हसायचे — मीही हसायचो.

मग एकदा तात्याच बांधावरून पडले. मांडी मोडली. स्वतःची मांडी स्वतः कशी ओढणार? आणि नोंदीचा हाडवैद्य जवळपास मी एकटा. गेलो. मला बघून म्हणाले, "ये रं. ह्या टायमाला खरंच मोडलंय, घाबरू नको."

मी मांडी ओढली. हाड जरा वाकडं बसलं — मला कळलं, त्यांनाही कळलं असणार. पुन्हा ओढून बसवायला हवं होतं. पण दारात माणसं उभी, आणि सरकारी वैद्य चुकतो कसा? "बसलं," म्हणालो आणि कांबट्या आवळल्या.

तात्या मरेपर्यंत लंगडले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "म्हातारपण हाय रं, दुसरं काय?" शिव्या देणारा तो माणूस, पण माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

मी घेतो. तो पाय मी वाकडा केला.