४१५ नंबरची ओळ

वसईतल्या आमच्या पाचूबंदर कोळीवाड्यात भुताखेतांच्या गोष्टी घरोघरी सांगतात. मी ऐकायचो, पण विश्वास कधीच नव्हता. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असलं काही मानणं मला कमीपणाचंही वाटायचं. तरी हे लिहितोय... नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण घडलं तसंच सांगतो.

ऐंशीच्या दशकातली, माझ्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मला प्रोजेक्ट मिळाला होता. तिथला कॉम्प्युटर सुट्या भागांची नावं क्रमाने लावायला अख्खी दुपार घ्यायचा. तो वेळ प्रोग्राममध्ये नेमका कुठे जातो ते शोधायचं, नाहीतर नापास. बाबांनी बजावलं होतं, "यंदा पास झालास तं ठीक, नाय तं गपचूप बोटीवर यायचं."

कॉलेजातल्या सरांनी एक युक्ती शिकवली होती. प्रोग्राम चालू असताना मधेच ब्रेकचं बटण दाबायचं. तो कितव्या ओळीवर थांबला ते स्क्रीनवर येतं. ते टिपायचं, प्रोग्राम पुन्हा चालू करायचा. जी ओळ सारखी सापडेल, वेळ तिथेच जातो.

कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढून दार लावून घ्यायचं. दाराशी चपला दिसल्या की आत कोणीतरी आहे, असं सगळे समजायचे.

प्रोग्राम चालू केला. जरा वेळाने ब्रेक दाबला. स्क्रीनवर आलं – ४१५.

आमच्या सगळ्या ओळींचे नंबर दहा-दहाच्या अंतराने होते. ४१० होती, ४२० होती. ४१५ नव्हतीच! मी प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि ऑपरेटर फिलोमिना मॅडमना विचारायला उठलो.

दार उघडेना.

दाराच्या काचेतून मॅडम डबा खाताना दिसत होत्या. मी दार बडवलं, हाका मारल्या. त्या उठून दारापर्यंत आल्या, खाली पाहिलं आणि शिपायाला म्हणाल्या, "पोरगा जेवायला गेला वाटतं, चपला नाहीत. एसी बंद कर रे, कोणासाठी गार करतोयस?"

आमच्या मधे फक्त काच होती. मी ओरडत होतो... त्या वळून गेल्या.

खोली तापायला लागली. खिडकी नव्हती. घसा बसला. काहीच सुचेना म्हणून मागे जाऊन ब्रेक दाबला. पुन्हा ४१५. आणि या वेळी दार नुसतं लोटताच उघडलं.

"अरे देवा! तू कुठून उगवलास?"

"आतच होतो, मॅडम. केव्हाचा दार बडवतोय."

"मस्करी करतोस? चपला कुठे होत्या मग?"

मी खाली बोट दाखवलं. काढल्या होत्या तिथेच होत्या. मॅडमनी क्रुसाची खूण केली. "घरी जा बाळा. राहू दे तुझा प्रोजेक्ट."

जावंसं फार वाटलं. पण नसलेल्या ओळीच्या जोरावर मला कोण पास करणार होतं? मी चाचरत विचारलं, "मॅडम, दार उघडं ठेवून तुम्ही इथे बसाल? धूळ येईल, पण..."

"मरू दे ती धूळ!" त्यांनी उंबऱ्यावर स्टूल ओढलं, एक पाय आत, एक बाहेर, हातात रोझरीची जपमाळ. "चालव."

मी प्रोग्राम पुन्हा चालू केला. पण आता ब्रेक दाबला की बहुतेक वेळा २७०च यायचा – दोन नावांची तुलना करणारी ओळ. तिथली पद्धत बदलली आणि प्रोग्राम झरझर चालला.

तोंडी परीक्षेत मी ४१५ लपवला नाही.

"ही ओळ कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग प्रोग्राम तिथे थांबला कसा?"

"माहीत नाही, सर."

मशीनचा दोष म्हणून त्यांनी ते आकडे खोडले आणि मला पास केलं.

मशीनचा दोष असेलही. पण मी दुसऱ्यांदा ब्रेक दाबला नसता, तर त्या नसलेल्या ओळीतून प्रोग्राम, आणि त्याच्याबरोबर मीही, आपणहून बाहेर पडलो असतो का, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. संध्याकाळी मॅडम खोलीला बाहेरून कुलूप लावून घरी जायच्या.