कोण ओढतंय?

शनिवारपर्यंत दर्शनी भिंतीवरच्या सगळ्या तारा काढून घ्या, नाहीतर आमची माणसं कापतील, असा कागद जिन्यात लागला. इमारतींना बाहेरून थर्माकोल चढवायचं काम निघालं होतं, हिवाळ्यात घरं उबदार राहावीत म्हणून. कागद वाचून कोणी थांबलं नाही. भिंतीवर लोंबणाऱ्या त्या जुन्या तारा केव्हाच मेल्यात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तासिया बुझोर मात्र थांबली. त्यातली एक तार जिवंत होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला नेकुलाय होता.

तासिया म्हणजे रुमानियातल्या गालात्स शहराच्या पोलाद कारखान्यातली क्रेनवाली. जन्मभर छताजवळच्या काचेच्या पिंजऱ्यात बसून खाली वितळतं लोखंड हलवलं. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा पन्नाशीत घरी आली, आणि घरी बसणं काही तिला जमेना. मग इमारतीची देखभाल गळ्यात घेतली. त्या कामाबरोबर गच्चीच्या दाराची किल्ली आली. त्याच सुमारास वसाहतीतल्या कॉलेजकुमारांनी वर्गणी काढून इंटरनेटची एकच जोडणी घेतली आणि तार टाकून ती घरोघर वाटायचं ठरवलं. अक्कल भरपूर होती, पण गच्चीच्या कडेला उभं राहायची छाती एकालाही नव्हती.

"मावशी, तिकडे वारा फार आहे," त्यांच्यातला एक म्हणाला.

"वारा खालीही आहे. तार इकडे दे."

प्रश्न होता समोरच्या इमारतीवर तार न्यायची कशी. मध्ये लिंडनची उंच झाडं. समोर नेकुलाय राहायचा, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवरचा मेकॅनिक, बायको नुकतीच वारलेली, डॅन्यूब नदीवर मासे धरण्यात दिवस घालवणारा. तो गळाची काठी घेऊन आपल्या गच्चीवर चढला, दोऱ्याला शिशाचं वजन बांधलं आणि फेकलं. वजन थेट तासियाच्या पायाशी पडलं.

"मला गळाला लावायला सांगितलं होतं का तुला कुणी?" ती ओरडली.

"लहान आहेस. लहान मासे मी परत सोडतो," तो ओरडला.

गळाच्या दोऱ्याला दोरी बांधली, दोरीला तार, आणि तार आली. या इमारतीतल्या सगळ्या तारा जिथे मिळायच्या ती लुकलुकत्या दिव्यांची डबी तासियाच्या कोठीत बसली, हिरव्या टोमॅटोच्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये. दुसरी जागा कोणी दिली नाही, कारण विजेचं बिल.

आजच्या पोरांना हे सांगून काही उपयोग नाही. ती मागायच्या आधीच फोन त्यांना सगळं दाखवून मोकळा होतो, आणि बघितलेलं त्यांच्या लक्षातही राहत नाही. तेव्हा पान उघडायला सांगायचं, कॉफी ठेवायची, कॉफी उतू जायची, आणि पान निम्मं आलेलं असायचं. चित्र वरून खाली यायचं, एकेक पट्टी. काळ्या आभाळावर चांदण्या, लुकलुकती अक्षरं, खाली आकडा: तुम्ही इथे आलेले अमुक क्रमांकाचे पाहुणे. तासिया त्या आकड्यासाठीही थांबायची. कुठल्याशा परक्या माणसाच्या मांजराच्या पानावर अभिप्राय लिहायची: छान मांजर, तासिया, गालात्स. तिचं सर्वात आवडतं पान रॉटरडॅम बंदराचं होतं. तिथे एका खांबावर कॅमेरा होता आणि थोड्या थोड्या वेळाने नवा फोटो यायचा. ती खुर्ची ओढून बसायची आणि तिकडच्या क्रेनवाल्यांच्या चुका काढायची.

संध्याकाळी सगळे एकदम बसले की सगळ्यांचीच पानं रुतायची. कारण एकच: कोणीतरी सिनेमा उतरवत असायचं. त्याला वसाहतीत 'ओढणं' म्हणत. मग खिडक्या उघडायच्या आणि चौकात आरडाओरडा व्हायचा.

"कोण ओढतंय?"

"मी नाही."

"मग कोण, तुझा बाप?"

"बाप बागेत बुद्धिबळ खेळतोय. नेकुलायला विचारा."

बहुतेक वेळा तो नेकुलायच असायचा. त्याला काउबॉयचे सिनेमे लागत.

अशाच एका संध्याकाळी रॉटरडॅममध्ये तासियाच्या डोळ्यांदेखत एक जहाज धक्क्याला लागत होतं, आणि पुढचा फोटो काही येईना. तिने खिडकीतून दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. ती कोठीत गेली आणि डबीतून नेकुलायच्या इमारतीची तार उपटली. फोटो आला. जहाज लागलेलं होतं.

थोड्या वेळाने नेकुलाय दारात.

"तार तू काढलीस?"

"मी काढली. दिवसभर सिनेमे ओढत बसतोस."

"सिनेमा नव्हता. नातू होता."

त्याच्या मुलीला कॅनडात मुलगा झाला होता. तिने फोटो एका पानावर लावला होता. नेकुलायने जिन्यातल्या सगळ्यांना घरी बोलावलं होतं, पलिंका दारूच्या बाटल्या काढल्या होत्या, खुर्च्या मांडल्या होत्या. नातू टोपरं, कपाळ, भुवया इतका खाली आला आणि थांबला. माणसांनी ग्लास धरून भुवया पाहिल्या. मग एकेक करून उठून गेली.

"मला काय स्वप्न पडलं होतं? सांगायचंस की," तासिया म्हणाली.

"तुझी परवानगी काढून आजोबा व्हायचं होतं का मी?"

इथे माफ कर म्हणून मोकळं व्हायचं असतं. तासिया म्हणाली, "तार जोडते, परत बघ." तो जिना उतरला. नातू त्याने सकाळी एकट्याने पाहिला. त्यानंतर दोघं एकाच दुकानात पाव घेत आणि एकमेकांच्या पलीकडे बघत.

पुढे कंपन्या आल्या, स्वस्तात जोडण्या देऊ लागल्या आणि वसाहतीचं जाळं ओस पडलं. त्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं पडद्यावर एका यादीत दिसत. ती एकेक करून गेली. शेवटी दोन उरली. तासियाच्या यंत्राचं नाव 'क्रेन', नेकुलायच्या 'टगबोट'. ती सकाळी उठून जुनाट संगणक लावायची, तो कुरकुरत जागा व्हायचा, आणि यादीत 'टगबोट' दिसायचं. म्हणजे म्हातारा उठला. मग ती संगणक तसाच ठेवून कॉफी करायची. एका हिवाळ्यात नाव दोन दिवस दिसलं नाही, तेव्हा तिने पाववालीकडे सहज चौकशी केली. पाववाली म्हणाली, फ्लू. तिसऱ्या दिवशी नाव आलं.

हे तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे शुक्रवारी इमारतीच्या नव्या व्यवस्थापकाकडे, कोद्रूत्सकडे जाऊन ती एक तार ठेवता येईल का असं विचारताना तिला पटेल असं कारण सुचेना.

"तासियामावशी, कशाला हवी ती? वायफाय नाही का तुमच्याकडे?"

"आहे."

"मग?"

"मग काही नाही. कापू नका. मी उतरवते."

तार कापली की लिंडनच्या फांद्यांत लटकते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. नीट उतरवायला दोन गच्च्यांवर दोन माणसं लागतात. शनिवारी सकाळी तासिया समोरच्या इमारतीच्या दाराशी गेली आणि घंटा दाबली.

"कोण?" भिंतीवरच्या डब्यातून आवाज आला.

"गच्चीवर ये. तार सोडायची आहे."

"कोण बोलतंय?"

"क्रेन."

"गुडघा दुखतो," तो म्हणाला.

"माझं कंबरडं गेलंय. ये."

तो आला. तिने हाताने खुणा केल्या, कारखान्यात खालची माणसं वर क्रेनवाल्याला करायची तशा: सैल सोड, हळू, थांब, पुन्हा सोड. बोटीवरच्या माणसाला शिकवावं लागलं नाही. तार फांद्यांना न अडकता सरकत आली आणि तिने ती कोपरावर गुंडाळली. शेवटचं टोक हातात आलं तेव्हा दोघं आपापल्या कडेला उभी होती, मध्ये नुसती झाडांची डोकी.

"तू संगणक का चालू ठेवला होतास?" तिने ओरडून विचारलं.

"बंद केला असता तर तू पोलीस आणले असतेस."

"आणले असते."

खालची एक खिडकी उघडली. दोघांनीही लक्ष दिलं नाही.

"त्या फोटोत भुवयांच्या खाली काय होतं?"

"नाक," नेकुलाय म्हणाला. "माझं. लोकांनी पाहिलं नाही ते एका परीने बरंच झालं."

"माझंच चुकलं होतं."

"ऐकू येत नाही. वारा आहे."

"ऐकू आलंय तुला. आता सकाळी फोन करत जा."

"फोनवर बोलायचा मला कंटाळा आहे."

"बोल म्हटलं कुणी? वाजव आणि ठेव."

तिने नंबर ओरडून सांगितला, दोनदा. खिडकीतल्या बाईनेही तो ऐकला असणार.

सोमवारी थर्माकोल चढलं. मंगळवारी सकाळी कॉफी ठेवलेली असताना तासियाचा फोन एकदा वाजून थांबला. तिने तो उचलला नाही. कोठीत जाऊन डबीची वायर काढली, डबी उचलली आणि त्या जागी लोणच्याची बरणी ठेवली.