आधी नाक बघू

"आधी नाक बघू," असं म्हणत आक्का हनुवटीला धरून तुमचं तोंड उजेडाकडे वळवायची. म्हैस असो, डुक्कर असो, नाहीतर गुरांच्या दवाखान्यातून आलेला माझ्यासारखा सरकारी माणूस असो, तिची तपासणी तिथूनच सुरू. पहिल्याच भेटीत तिने मला गोठ्याबाहेर उभं केलं. "सर्दी हाय तुमाला, भाऊ. माझ्या पिल्लांना द्याल." मी तपासायला गेलो होतो आणि नापास होऊन परत आलो.

खोडदला, मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या रस्त्याला तिचं शेत. घर चांगलं बागायतदारांचं. अशा घरातल्या बाईने पांढरी यॉर्कशायर डुकरं पाळल्यावर भावकीने तिच्या घरचा चहा बंद केला. लग्नात बायका एक खुर्ची सोडून बसत. "त्यांच्यापरीस माझी डुकरं जास्त आंगूळ करत्यात," असं म्हणून ती हसण्यावारी न्यायची. पण ते तिला लागत होतं. तुम्हीही तिला एखाद्या लग्नात बघितलं असतं तर तुमच्याही लक्षात आलं असतं.

त्या वर्षी राजुरीच्या पशुप्रदर्शनात पहिल्यांदाच डुकरांना जागा मिळाली. बैलांपासून लांब कोपऱ्यात, पण मांडवातच. तिथली रीत अशी की नंबर आलेल्या जनावराला घरच्या सुनेने ओवाळायचं. बैलाला ओवाळत, गाईला ओवाळत; डुकरिणीला अजून कुणी ओवाळलं नव्हतं. आक्काच्या राणीचा नंबर येणार यात आम्हाला शंका नव्हती. आक्काने सुनेला मुद्दाम आणलं होतं. सुनेला सातवा महिना होता. राणीला आदल्या दिवशी तपासून आरोग्याचा दाखला मीच दिला होता. तेव्हा ती ठणठणीत होती.

सकाळी मी मांडवात शिरलो आणि राणी खोकली. धूळ असेल म्हणून पुढे गेलो. परत आलो तर पुन्हा खोकली. आक्का तिच्या मानेशी बसून पदराने तिचं नाक पुसत होती, बैलवाले शेल्याने पुसतात तसं, मायेने. मग त्याच पदराने तिने स्वतःच्या तोंडावरचा घाम टिपला. पदराचं टोक चिंब होतं. पलीकडे शाळेची पोरं राणीला हात लावायला रांगेत उभी होती. कोरोना गेल्यापासून मास्क कुणाच्याच तोंडावर नव्हता, माझ्याही नाही.

मी वाकून हळूच म्हणालो, "आक्का, नाक बघू."

तिने वर बघितलंच नाही. "धूळ हाय, भाऊ."

"कान तापलाय तिचा."

"ऊन हाय."

"डुकराचा फ्लू माणसाला होतो, आक्का. माझी सर्दी तुला चालली नव्हती."

तिने राणीचं नाक पुन्हा पुसलं. मग म्हणाली, "येवडं ववाळून होऊ द्या. लई वर्सं वाट बगितली, भाऊ."

तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. तिच्या तोंडाकडे बघून माझी जीभ उचलली नाही. त्याचा मला आजही राग येतो.

माइकवर आक्काचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. भावकीतल्या दोन बायका कधी नव्हे त्या पुढे सरकल्या. निरांजन विझू नये म्हणून हात आडवा धरून सून ताट घेऊन येत होती. पाच-सहा पावलं राहिली असतील. राणी मान झटकून शिंकली.

आक्का ताडकन उठली. "मागं सर! ए पोरी, मागं सर!"

सून गोंधळून थांबली. तिला वाटलं सासूचा पाय मुरगळला, म्हणून ती आणखी एक पाऊल पुढे आली. आक्काने ओला पदर मुठीत गोळा केला आणि स्वतःच मागे सरकली. "माझ्याजवळ बी येऊ नगं! पोरांना लांब न्या. माझं जनावर आजारी हाय!"

सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. त्या दोन बायका तोंडाला पदर लावून निघून गेल्या. आम्ही पोरांचे हात साबणाने धुवून घेतले, तपासणीसाठी राणीच्या नाकातला नमुना घेतला आणि तिला टेम्पोत चढवलं. आक्का टेम्पोत मागे, राणीपाशीच बसली.

ती घरात गेलीच नाही. गोठ्याजवळच्या खोलीत राहिली आणि सुनेला बोरीला माहेरी धाडलं. तिसऱ्या दिवशी आक्काला ताप भरला. तोवर राणीच्या तपासणीत फ्लूच निघाला होता. मी गोळ्या घेऊन गेलो, तर तिने मला पुन्हा बाहेरच उभं केलं.

"पोरीचं नाक बगितलं का?"

"बघून आलो. कोरडं आहे."

"रोज बगा."

मी रोज बोरीला जात होतो. सहाव्या दिवशी आक्काला धाप लागली. मुलाचा हात झिडकारून ती स्वतःच्या पायांनी ॲम्ब्युलन्समध्ये चढली. राणी आठवड्यात खाऊ-पिऊ लागली. आक्का काही परत आली नाही.

बोरीला बारशाला मी मास्क लावून, कोपरापर्यंत हात धुवून गेलो. मुलगी झाली होती. पाळण्यावर वाकलो आणि काही सुचायच्या आत तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बायका बघतच राहिल्या. सून मात्र शेजारी येऊन उभी राहिली.

"कसं हाय?" तिने विचारलं.

"कोरडं आहे," मी म्हणालो.

माझं मात्र वाहायला लागलं होतं, म्हणून मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो.